सदतीस जणांचे शेक

सोमवारी सकाळी पावणेआठला फोन वाजला तेव्हा ती आईच्या केसांतला गुंता सोडवत होती. फोन हॉस्पिटलच्या तळघरातून होता, किरणांच्या मशीनवर काम करणाऱ्या ताईंचा.

"मॅडम, एकाही पेशंटची फाइल उघडत नाहीये. पडद्यावर काहीतरी मोठ्या अक्षरांत लिहून आलंय. वाचून दाखवू?"

"नको. कशाला हात लावू नका," ती म्हणाली. "फक्त भिंतीतून येणाऱ्या निळ्या वायरी उपटा. सगळ्या. मी निघालेच."

आईचे केस अर्धे विंचरलेले तसेच राहिले. नवऱ्याने मागून विचारलं, डबा? पण ती जिना उतरली होती.

हॉस्पिटल कॅन्सरचं, लहानसं, तीन मजली. तळघरात किरणांची खोली, तिथे आजारी गाठीवर रोज थोडे थोडे किरण सोडायचे. पेशंट त्याला शेक म्हणत, मग डॉक्टरही शेकच म्हणू लागले होते. कॉम्प्युटर खातं म्हणजे ती एकटी. दर माणसाला वेगळा पासवर्ड, दर कपाटाला किल्ली, आणि पेन ड्राइव्ह लावायच्या खाचांमध्ये तिने स्वतःच्या हाताने गोंद भरला होता. पाठीमागे सगळे तिला कुलूपबाई म्हणत. बाई स्वतःच्या सावलीलाही पासवर्ड विचारतात, हा जुना विनोद तिच्याही कानावर आला होता आणि खोटं कशाला बोला, तिला तो आवडला होता.

नऊ वाजेपर्यंत तिला सगळं कळलं. कोणीतरी बाहेरून आत शिरून सगळ्या फाइलींना आपलं कुलूप घातलं होतं. किल्ली हवी असेल तर पैसे टाका, असा निरोप पडद्यावर होता. अशा वेळी काय करायचं ते तिला पाठ होतं. तिने कोरा लॅपटॉप काढला, फोनवरून इंटरनेट जोडलं आणि ऑनलाइन साठवणीचं खातं उघडलं. तिथे दर तासाला सगळ्याची प्रत जात असे. दोन वर्षांत एकही तास चुकला नव्हता.

प्रती होत्या. काल रात्रीची, काल सकाळची, परवाची. तिने एक उघडली. कुलूप. दुसरी उघडली. कुलूप. मुख्य कॉम्प्युटरवर जे जे होईल ते इमानेइतबारे वर जात होतं, तसं हेही गेलं होतं. त्याआधीच्या प्रती शोधल्या तर यादीच संपली. चोर तीन आठवडे घरात येऊन बसला होता. ऑनलाइन खात्याची किल्ली मुख्य कॉम्प्युटरवरच ठेवलेली असायची, आपोआप प्रत जायची म्हटलं की ती ठेवावीच लागते. ती त्याने उचलली होती आणि जुन्या प्रती एकेक करून पुसून टाकल्या होत्या.

तिने परत यादी बघितली. त्याआधीची जागा रिकामी ती रिकामीच.

कपाटात दोन डिस्का होत्या. त्या काढून जोडायच्या आधीच तिला ठाऊक होतं त्यांवर काय असणार. दोन वर्षांपूर्वीचे पेशंट. त्यांतले बरेच बरे होऊन गेले होते. काही गेलेच होते.

त्या दोन डिस्का कशा बंद झाल्या ते सांगायला हवं.

पूर्वी दर शुक्रवारी दुपारी चारला ती एक डिस्क जोडायची. प्रत निघायला चार तास लागत. मग डिस्क काढून, पंच्यात गुंडाळून, पिशवीतून घरी न्यायची. गेल्या शुक्रवारची परत आणायची. संचालकांनी एकदा विचारलं, हे गाठोडं किती दिवस वाहणार? ऑनलाइनवर तासातासाला आपोआप प्रत जाते, आग लागो, पाणी भरो, माल सुरक्षित. दोन्ही ठेवणं आपल्याला झेपणार नाही. कोणतं ते तुम्ही ठरवा, मी सही करतो.

ती पंधरा दिवस घोळ घालत बसली. ऑनलाइनचे फायदे खरे होते. डिस्क पडते, हरवते, माणूस विसरतो. पण ज्याला वायरच जोडलेली नाही त्याच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. नव्याने रुजू झालेल्या नर्सना ती हेच शिकवायची. तिचा कल डिस्कांकडेच होता.

मग तो शुक्रवार आला. पडद्यावर ब्याऐंशी टक्के झाले होते आणि घरी आई न्हाणीघरात घसरून पडली होती. नवरा कामानिमित्त बाहेरगावी. आई तीन तास ओल्या फरशीवर पडून होती, खुब्याचं हाड मोडलेलं, हाका मारून घसा बसलेला. ती पोचली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आलीस? मला वाटलं, आज उशीर आहे."

सोमवारी तिने ऑनलाइनच्या कागदावर सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, अधिक विश्वासार्ह. महिन्यातून एकदा तरी डिस्क काढू, असं मनाशी म्हटलं होतं. पहिला महिना राहिला. दुसरा राहिला. मग डिस्का कपाटात मागे गेल्या.

दहा वाजता शेक देणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत सगळे जमले. संचालक, मशीनवरच्या ताई, आणि कोणाला किती किरण कोणत्या बाजूने द्यायचे याचा हिशोब मांडणारे फिजिक्सवाले सर. पोलिसांशी बोलणं झालं होतं. पैसे द्यायचे नाहीत हे संचालकांनी आल्या आल्या सांगितलं, दिले तरी किल्ली मिळेलच याचा भरवसा नव्हता.

"मशीन चालू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मशीनला काय सांगायचं तेच गेलंय. मला दोन गोष्टी हव्यात. प्रत्येकाचा आराखडा, आणि आजवर कितवा शेक झाला तो आकडा. आराखडा पुन्हा करता येईल, वेळ लागेल. आकडा चुकला तर एक तर जास्त जाईल, नाही तर कमी. दोन्ही वाईट."

"कागदावर काही?" संचालकांनी विचारलं.

कागद बंद करा म्हणून सगळ्यांच्या मागे लागलेली तीच होती.

"मशीनच्या पोटात नोंद असते," सर म्हणाले. "पण ती बनवणाऱ्या कंपनीचा माणूसच उघडू शकतो. तो पुढच्या आठवड्यात येतोय."

"किती दिवस थांबलेलं चालतं?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "स्तनाच्या पेशंटला दोन-चार दिवसांनी फार बिघडत नाही. घशाचं तसं नाही. तिथे शेक थांबले की गाठ परत जोर धरते. एकेक दिवस मोजायचा."

चालू शेकांचे सदतीस पेशंट होते. ताईंनी आठवून आठवून नावं लिहिली, चौतीस झाली. उरलेली तीन दुपारी दारातच भेटली, रोजच्या वेळेला आलेली, डबे-बाटल्या घेऊन. त्यांना परत पाठवताना ताई मशीन बिघडलंय म्हणाल्या. ती बाजूला उभी होती. तिने ते खोडून काढलं नाही.

मंगळवारी सकाळपासून ती फोनला चिकटली. कितवा शेक झाला हे पेशंटलाच विचारायचं, दुसरा मार्ग नव्हता. एका शिंप्याने मापाच्या वहीत रोजची खूण केली होती, त्याने ताबडतोब सव्वीस सांगितलं. एका म्हाताऱ्या बाईला काहीच आठवेना. "बाळा, मी मोजत नाही, मोजलं की लांबतं," ती म्हणाली. एका निवृत्त मास्तरांच्या घरी फोन स्पीकरवर होता.

"अकरा," मास्तर म्हणाले.

"बारा," मागून बायको म्हणाली.

"अकरा. मी गणित शिकवायचो."

"आणि मी रोज डबा भरायची. बारा डबे भरलेत."

एरवी ती हसली असती. तिने दोन्ही आकडे लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

एक बसचालक होता, बावीस वर्षं शहराची बस चालवलेला. घशाचा. त्याचा आवाज पार बसला होता, फोनवर कुजबुज आल्यासारखी येत होती. "एकोणीस," तो म्हणाला. "नक्की एकोणीस. मला फेऱ्या मोजायची सवय आहे. मशीन कधी सुरू होईल?"

"लवकरच," ती म्हणाली.

"उद्या?"

"सांगते."

फोन ठेवल्यावर ती स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण आत नुसतं कोरडं पडलं होतं. हे सदतीस जण आपल्या भरवशावर होते हे त्यांतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि आपण त्यांना एका शुक्रवारच्या बदल्यात विकलं, हेच पुन्हा पुन्हा डोक्यात येत होतं.

त्या संध्याकाळी नवऱ्याने विषय काढला. आई पलंगावर टेकून बसली होती. "त्या जुन्या डिस्का असत्या तर—" तो म्हणाला, आणि तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो तिथेच थांबला.

"कसल्या डिस्का?" आईने विचारलं. "पंच्यात बांधून आणायचीस त्या? बंद का केल्यास ग?"

"जुन्या झाल्या होत्या," ती म्हणाली.

आई म्हणाली, "मी पडले तेव्हापासून दिसल्या नाहीत."

"योगायोग. तू गोळी घेतलीस का?"

आईने गोळी घेतली. नंतर काही विचारलं नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही.

बुधवारी सकाळी फिजिक्सवाले सर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. सर अबोल माणूस, एक वाक्य बोलायला दोनदा खाकरणारे. "तपासणीच्या खोलीतला तो डबा," ते म्हणाले. "तुम्ही वायर कापली होती तो."

ती खुर्चीवरून उठलीच.

तपासणीच्या खोलीत एक पुरातन कॉम्प्युटर होता. नाजूक जागेचे आराखडे पेशंटला देण्याआधी एका प्लास्टिकच्या ठोकळ्यावर देऊन बघत, त्याचा हिशोब त्यावर चाले. इतका जुना की त्याला सुरक्षित करणं अशक्य, म्हणून वर्षापूर्वी तिने रागारागाने त्याची नेटवर्कची वायर कात्रीने कापली होती. हे मढं कधी एकदा फेकता येतंय असं तिला झालं होतं. तेव्हापासून सर असा प्रत्येक आराखडा सीडीवर घेऊन तिथे नेत, कुरकुरत.

"सीडी मी टाकून देतो," सर म्हणाले. "पण त्यातलं पुसत कोण बसतंय."

दोघं जवळजवळ पळतच गेले. कॉम्प्युटर सुरू व्हायला सात मिनिटं लागली. पंखा घरघरला, पडदा उजळला, आणि यादी आली. तिने बोट ठेवून मोजलं. चालू पेशंटांपैकी बावीस जणांचे आराखडे जसेच्या तसे होते. शिंप्याचा होता. मास्तरांचा होता. बसचालकाचा होता.

ती तिथेच स्टुलावर बसली. सरांनी खिशातला रुमाल पुढे केला, तेव्हा तिला कळलं की डोळे वाहताहेत.

ते बावीस बाजूला काढून उरलेल्या पंधरा जणांना नव्या स्कॅनसाठी बोलावलं. कोणाचा आराखडा सापडला, कोणाचा नाही, याची यादी तिनेच केली. हिरव्या पेनाने बावीस खुणा. बसचालकाला तिने स्वतः फोन केला. "उद्या सकाळी नऊला या," ती म्हणाली, आणि पलीकडून फक्त श्वास सोडल्याचा आवाज आला.

गुरुवारी मशीन सुरू झालं. पहिला शिंपी आत गेला आणि बारा मिनिटांनी बाहेर आला. सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बावरला. दुसरी गेली, तिसरा गेला. बसचालकाला आत घेतलं, टेबलावर झोपवलं, डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर त्याचा जाळीचा मुखवटा बसवला. आणि ताई मधेच बाहेर आल्या.

"मॅडम, यांचा मुखवटा बदलला होता ना? वजन उतरलं, पहिला सैल झाला, म्हणून नवा केला. पंधराव्या शेकाला."

"मग?"

"मुखवट्याबरोबर आराखडाही नवा केला होता. हा जुना आहे. तारीख बघा."

तिने तारीख बघितली. यादी करताना तिने नाव बघितलं होतं, तारीख बघितली नव्हती. नवा आराखडा घाईत झाला होता आणि सरांनी तो मुख्य कॉम्प्युटरवरच तपासला होता. जुन्या डब्यापर्यंत तो आलाच नव्हता. बाकीच्या एकवीस तारखा तिने तिथेच उभ्याने तपासल्या. त्या बरोबर होत्या.

बसचालकाला टेबलावरून उठवलं. त्याच्या कपाळावर जाळीचे वळ तसेच होते. घशाचे बाकीचे तिघे नव्या स्कॅनच्या रांगेत सर्वांत पुढे होते, त्यांचं काम बुधवारीच सुरू झालं होतं. याचं व्हायला हवं होतं तेव्हा तो हिरव्या खुणेवर बसून होता. त्याचा स्कॅन त्याच दुपारी झाला. डॉक्टरीणबाईंनी शनिवारी, रविवारी बसून गाठीच्या कडा आखल्या, सरांनी सोमवारपर्यंत हिशोब पुरा केला. मंगळवारी सकाळी त्याचा आराखडा तयार झाला. मधले सहा शेक गेले.

मधल्या शुक्रवारी संचालकांनी तिला बोलावलं होतं. तिने लिहिलेला अहवाल त्यांच्यासमोर होता.

"साठवणीच्या कंपनीच्या व्यवस्थेत त्रुटी होती, एवढं पुरे आहे," ते म्हणाले. "हे बाकीचं कशाला? तुम्ही लिहिलंय, डिस्क बंद करण्याचा निर्णय माझा, कारण वैयक्तिक. तारीख न पाहता यादी केली. स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेता?"

"कंपनीने जे सांगितलं तेच केलं, सर. चुकीची जागा मी निवडली. एक जोडलेली आणि एक न जोडलेली, दोन्ही हवी होती. मी हट्ट धरला असता तर तुम्ही दिली असती."

संचालक अहवालाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाले, "खाली माझंही नाव घाला. निवडा एक, असं मीच म्हटलं होतं." आणि खिडकीकडे तोंड करून बसले. तिला वाटलं होतं, आज नोकरी जाईल. तसं काही झालं नाही, आणि त्याने तिला हलकंही वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी ती तळघरात गेली. बसचालक बाहेरच्या खुर्चीत बसला होता, नवा मुखवटा मांडीवर. ती शेजारी बसली.

"डॉक्टरांनी सांगितलं," तो कुजबुजला. "आता दिवसातून दोनदा देणार, मध्ये सहा तास सोडून. गेलेले भरून निघतील म्हणे."

"बरेचसे निघतील. सगळे निघतात का ते कोणालाच सांगता येत नाही." तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तुम्हाला मशीन बिघडलं म्हणून सांगितलं. मशीन बिघडलं नव्हतं. तुमची माहिती चोरांनी बंद केली आणि तिची वेगळी काढून ठेवलेली प्रत नव्हती. पूर्वी मी काढायचे. दोन वर्षांपूर्वी बंद केली. आणि बुधवारी तुम्हाला चुकीच्या यादीत मी घातलं. त्यात आणखी दिवस गेले."

तो तिच्याकडे बघत होता. गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळपट झाली होती.

"का बंद केली?"

आईचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "शुक्रवारी घरी लवकर जायचं होतं."

तो मुखवट्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"बावीस वर्षांत," तो शेवटी म्हणाला, शब्द सुटे सुटे करत, "ब्रेक दाबून बघितल्याशिवाय एक दिवस गाडी काढली नाही. घरी जायची घाई मलाही असायची."

"हो," ती म्हणाली.

"बायकोला यातलं सांगू नका. ती तुमच्या सगळ्यांबद्दल फार चांगलं बोलते. तिला कोणावर तरी विश्वास ठेवू दे."

ताईंनी हाक मारली. तो उठला, मुखवटा घेऊन आत गेला. जाड दार हळूहळू लागलं, वरचा लाल दिवा पेटला. ती तिथेच बसून राहिली. वर तिची खूप कामं पडली होती. कंपनीचा माणूस येऊन मशीनच्या पोटातल्या नोंदी काढत होता. इतर आकडे जुळले होते, आणि मास्तरांच्या घरी बायकोचे बारा डबे खरे ठरले होते. आकडा वादात असताना डॉक्टरीणबाईंनी बाराच धरला होता, ते बरं झालं.

दिवा विझला. तो बाहेर आला, चेहऱ्यावर जाळी उमटलेली. तिच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीत बसला.

"पुढचा तीनला," तो म्हणाला. "तुम्ही जा."

"पाणी आणून देऊ?"

त्याने मान हलवली, नको. ती उठून जिन्यापर्यंत गेली. मग मागून घोगरा आवाज आला, भिंतीकडे बघतच बोललेला. कोमट असेल तर चालेल, थंड गिळवत नाही.